विश्लेषण : जुन्या विज्ञानपटाचा रिमेक जमला की फसला, हे ठरवायचे कसे?

अमेरिकेत १९५१ साली परग्रहावरून दोन पाहुणे आले. एक एप्रिलमध्ये, उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात. दुसरा सप्टेंबरमध्ये, थेट राजधानी वॉशिंग्टनच्या मैदानात. दोघेही अर्थातच पडद्यावर. ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ आणि ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ या दोन चित्रपटांना २०२६ मध्ये ७५ वर्षे पूर्ण होत आहेत. दोन्हींचे पुढे रिमेक झाले. पहिल्याचा १९८२ मध्ये, दुसऱ्याचा २००८ मध्ये. पहिला रिमेक आला तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपले आणि प्रेक्षकही फारसे फिरकले नाहीत. आज त्याची गणना अभिजात चित्रपटांत होते. दुसऱ्याने पैसे कमावले, पण आज त्याचे नाव निघते ते बहुधा फसलेल्या रिमेकच्या चर्चेत. एकाच वर्षाच्या या दोन चित्रपटांच्या नव्या अवतारांचे नशीब इतके वेगळे का निघाले?

मूळ चित्रपट कशाबद्दल होते?

दोन्ही चित्रपटांमागे एकच भीती होती. सोव्हिएत रशियाने ऑगस्ट १९४९ मध्ये पहिली अणुचाचणी केली होती आणि जून १९५० पासून कोरियात युद्ध पेटले होते. आकाशातून काहीतरी येणार, या कल्पनेने अमेरिकी माणूस तेव्हा खरोखरच दचकत असे. दोन्हींच्या कथाही ‘अस्टाउंडिंग’ या एकाच विज्ञानकथा मासिकात आलेल्या होत्या. साम्य मात्र इथेच संपते.

‘द थिंग’मध्ये परग्रहवासी हा रक्तावर जगणारा शत्रू आहे. त्याच्याशी बोलू पाहणारा शास्त्रज्ञ भाबडा आणि म्हणूनच घातक ठरतो. हवाई दलाचे जवान एकजुटीने लढतात आणि शत्रूला विजेच्या झोताने जाळून टाकतात. आकाशावर नजर ठेवा, असा इशारा देऊन चित्रपट संपतो. ‘द डे...’ नेमकी उलट बाजू घेतो. इथे परग्रहवासी सभ्य आहे आणि गोळी झाडणारा सैनिक घाबरट. राजकारणी आपापल्या हट्टावर अडून बसलेले, तर आशा उरली आहे ती शास्त्रज्ञांकडून. त्या वर्षी असे म्हणणे धाडसाचे होते. या चित्रपटात प्राध्यापक बार्नहार्टची भूमिका करणारे सॅम जॅफी यांच्यावर कम्युनिस्टांशी जवळीक असल्याचा संशय घेतला गेला आणि पुढे त्यांना हॉलीवूडच्या काळ्या यादीत टाकण्यात आले.

अर्ध्या तासाच्या त्या दृश्यात काय आहे?

रॉबर्ट वाइज यांनी दिग्दर्शित केलेला मूळ चित्रपट ९२ मिनिटांचा, कृष्णधवल आहे. क्लातू नावाचा पाहुणा तबकडीतून उतरतो. हातातली भेटवस्तू पुढे करतो, तर ते शस्त्र समजून सैनिक त्याच्यावर गोळी झाडतो. ती वस्तू राष्ट्राध्यक्षांसाठी आणलेली असते आणि तिच्यातून इतर ग्रहांवरील जीवनाचा अभ्यास करता आला असता! जगातल्या सगळ्या नेत्यांशी एकत्र बोलायचे आहे, असे तो सांगतो. बैठक कुठे घ्यायची, यावरच त्यांचे एकमत होत नाही. मग क्लातू रुग्णालयातून निसटतो, ‘कार्पेंटर’ या नावाने एका साध्या बोर्डिंग हाऊसमध्ये खोली घेतो आणि तिथल्या बॉबी नावाच्या मुलासोबत शहर पाहतो. बॉबीचे वडील दुसऱ्या महायुद्धात मारले गेले आहेत. ते जिथे पुरले आहेत त्या आर्लिंग्टनच्या दफनभूमीत हे दोघे जातात, लिंकन स्मारक पाहतात. परग्रहवासी या चित्रपटात माणसाला ओळखतो तो असा, पायी फिरून.

पुढे आपले सामर्थ्य दाखवण्यासाठी तो अर्ध्या तासापुरती जगभरची वीज बंद पाडतो. मोटारी थांबतात, कारखाने थांबतात, लिफ्टमध्ये माणसे अडकतात. पण रुग्णालये चालू राहतात आणि आकाशातली विमाने सुखरूप उडत राहतात. हा तपशील पटकथेत एका वाक्यात येतो, पण सगळा चित्रपट त्यावर तोललेला आहे. ज्याच्याकडे पृथ्वी भाजून काढण्याची ताकद आहे, तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या रुग्णाचा विचार करतो. म्हणूनच शेवटी तो शास्त्रज्ञांसमोर उभा राहून धमकी देतो, तेव्हा ती धमकी असूनही त्याचे ऐकावेसे वाटते. तुमची भांडणे तुमच्या ग्रहापुरती ठेवा. ती अवकाशात आणलीत तर तुम्ही संपलात. निर्णय तुमचा, एवढे सांगून तो निघून जातो. माणसाने काय ठरवले, हे चित्रपट सांगत नाही. ते सांगणे १९५१ च्या प्रेक्षकावर सोडलेले होते.

या सगळ्याला बातमीचा रंग देण्यासाठी त्या काळचे नामांकित वार्ताहर व निवेदक पडद्यावर स्वतःच्याच नावाने आले होते. बर्नार्ड हर्मन यांच्या संगीतात थेरेमिन हे हात न लावता वाजवायचे विद्युतवाद्य होते. परग्रह म्हटले की आजही कानात जो थरथरता सूर घुमतो, तो रुळवण्यात या चित्रपटाचा वाटा मोठा आहे. आणि गोर्ट हा यंत्रमानव? रबराच्या पोशाखातला लॉक मार्टिन नावाचा सात फुटांहून उंच माणूस. तो पोशाख इतका अवजड आणि मार्टिन इतका अशक्त, की नायिकेला उचलण्याच्या दृश्यात तारांचा आधार घ्यावा लागला. पोशाखाच्या सुरकुत्या नीट पाहिल्या तर आजही दिसतात. तरी गोर्ट हलतो तेव्हा भीती वाटते, कारण तो क्वचित हलतो.

२००८ च्या रिमेकने काय बदलले?

स्कॉट डेरिकसन यांच्या रिमेकची सुरुवात, मराठी वाचकाला गंमत वाटेल, भारतात होते. १९२८ साल, काराकोरमचा बर्फ, एकटा गिर्यारोहक आणि एक चमकणारा गोल. त्या गिर्यारोहकाच्या जनुकांचा नमुना घेऊन पुढे क्लातूचे मानवी शरीर घडवले जाते; म्हणून दोघांचा चेहरा किआनू रीव्ह्जचा. परग्रहवासी माणसासारखा का दिसतो, या जुन्या प्रश्नाला मूळ चित्रपटाने उत्तरच दिले नव्हते. रिमेकने दिले, आणि ते चांगले आहे.

दुसरा बदल विषयाचा. अणुयुद्धाऐवजी पर्यावरण. माणूस पृथ्वीला मारतो आहे. पृथ्वी मेली तर माणूस मरेल, पण माणूस मेला तर पृथ्वी वाचेल, असा क्लातूचा हिशेब आहे. अनेकांनी याच बदलावर टीका केली. माझ्या मते तो रास्त होता. २००८ मध्ये बॉम्बपेक्षा तापमानवाढ हीच लोकांच्या मनातली भीती होती, आणि जुनी भीती जशीच्या तशी उचलून आणली असती तर ते संग्रहालय झाले असते. हेलन मूळ चित्रपटात कार्यालयात नोकरी करणारी विधवा आहे. ती इथे प्रिन्स्टन विद्यापीठातील शास्त्रज्ञ होते, हेही काळाला धरून. (अर्थात शास्त्रज्ञ होऊनही जेनिफर कॉनेलीला चित्रपटभर मुख्यतः गाडीच चालवावी लागते, ही गोष्ट वेगळी.)

मग फसले कुठे? विषय बदलला, पण जुन्या विषयासाठी बांधलेला सांगाडा तसाच ठेवला, इथे. युद्धाबाबत ‘थांबा, नाहीतर संपवू’ असा निर्वाणीचा इशारा देता येतो. हल्ला केला की नाही, हे कळते. तो कोणी केला, हेही कळते. हवामानाचे तसे नाही. तिथे कोणी एक बटण दाबत नाही. अब्जावधी माणसांच्या रोजच्या जगण्यातून, कोळशातून, शेतीतून, वाहनांतून तो प्रश्न साठत जातो. त्यावर ‘थांबा’ म्हणणारा पाहुणा नेमके काय थांबवायला सांगणार? पटकथेकडे याचे उत्तर नाही. म्हणून क्लातू येण्यापूर्वीच निर्णय झालेला असतो, आणि माणसांनी करण्यासारखे काहीच उरत नाही.

उरते ती फक्त विनवणी. जॉन क्लीझने साकारलेला प्राध्यापक बार्नहार्ट म्हणतो की कड्याच्या टोकावर आल्याशिवाय माणूस बदलत नाही. तुमचे लोकही तुमचा सूर्य विझू लागला तेव्हाच बदलले ना? हा या रिमेकमधला सर्वात चांगला प्रसंग. दोघे फळ्यावर समीकरण सोडवतात, पार्श्वभूमीला बाखचे संगीत वाजते, आणि काही मिनिटे हा चित्रपट मूळ चित्रपटाच्या तोडीचा होतो. पण क्लातूचे मन बदलते ते या युक्तिवादाने नव्हे. पुढे दफनभूमीत एक मुलगा वडिलांना जिवंत करा म्हणून रडतो, सावत्र आई त्याला कवटाळते, आणि पाहुण्याला माणसाची ‘दुसरी बाजू’ दिसते. आईने मुलाला जवळ घेतले म्हणून कार्बन उत्सर्जनाचा खटला मागे! मूळ चित्रपटात निर्णय माणसांच्या हाती होता. इथे तो परग्रहवासीयाच्या हळवेपणावर सोपवला आहे.

आणि मग शेवट. यंत्रकिड्यांच्या झुंडीने सगळे काही कुरतडायला सुरुवात केलेली असते. क्लातू ती थांबवतो, पण किंमत म्हणून पृथ्वीवरची सगळी विजेची यंत्रे बंद पडतात. मनगटातली घड्याळे थांबतात, बंदरातल्या क्रेन थांबतात. अर्ध्या तासासाठी नव्हे. पुढे काय, हे चित्रपट सांगत नाही. अतिदक्षता विभागात काय झाले? हवेत असलेल्या विमानांचे? शीतगृहातल्या लसींचे, शहरांच्या पाणीपुरवठ्याचे? कॅमेरा वर जातो, गोल आकाशात नाहीसा होतो, आणि माणुसकी पटल्याचा हा सुखान्त आहे असे आपल्याला सुचवले जाते. ज्या प्रसंगात मूळ क्लातूने रुग्णालये आठवणीने वगळली होती, त्याच प्रसंगात नव्या क्लातूने (खरे तर पटकथाकाराने) ती विसरली. दोन चित्रपटांतले अंतर मोजायला एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

सुमारे ८ कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाने जगभरात २३ कोटींच्या आसपास कमाई केली, त्यामुळे धंद्याच्या हिशेबात तो अपयशी नव्हे. प्रदर्शनाच्या दिवशी तो अल्फा सेंटॉरी या तारामंडळाकडे रेडिओलहरींनी प्रक्षेपितही करण्यात आला होता. अंतर सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडे जास्त. म्हणजे २०१३ मध्येच तो तिथे पोहोचला असणार. तिकडच्या समीक्षकांचे मत अजून कळलेले नाही.

मग मूळ चित्रपट निर्दोष होता का?

नाही. आणि रिमेकला खरी संधी होती ती इथेच. क्लातूची शांतता येते कुठून? त्याच्या ग्रहांनी गोर्टसारख्या यंत्रमानवांना पोलीस नेमले आहे, त्यांना अमर्याद अधिकार दिले आहेत, आणि ते अधिकार परत घेता येत नाहीत. हिंसा दिसली की यंत्र मारते. चौकशी नाही, अपील नाही. १९५१ च्या चित्रपटाला ही व्यवस्था आदर्श वाटते. आज ती वाचताना अंगावर काटा येतो. चालकविरहित ड्रोनचे हल्ले २००८ मध्ये सुरू झालेलेच होते. माणसाच्या मरणाचा निर्णय यंत्रावर सोपवायचा का, हा प्रश्न घेऊन गोर्टकडे पुन्हा पाहिले असते, तर तो रिमेक मूळ चित्रपटाशी वाद घालू शकला असता.

त्यासाठी साहित्यही हाताशी होते. हॅरी बेट्स यांच्या १९४० च्या मूळ कथेत शेवटच्या ओळींत उलगडा होतो, की मालक पाहुणा नव्हेच, मालक यंत्रमानव आहे. दोन्ही चित्रपटांनी हा शेवट वापरला नाही. २००८ चा गोर्ट २८ फुटी होतो, त्याच्या नावाला एका लांबलचक तांत्रिक संज्ञेचे लघुरूप बनवले जाते, शेवटी तो किड्यांचा ढग होतो. पण तो कोणाचा नोकर आणि कोणाचा मालक, हे विचारायला कोणाला फुरसत नाही.

‘द थिंग’चा रिमेक का टिकला?

जॉन कारपेंटर हे मूळ ‘द थिंग’चे भक्त. त्यांच्या ‘हॅलोवीन’मध्ये (१९७८) घरातल्या टीव्हीवर तोच चित्रपट चालू असतो. तरी रिमेक करताना त्यांनी त्या चित्रपटाची नक्कल केली नाही. ते त्याच्या मागे गेले, जॉन कॅम्पबेल यांच्या १९३८ च्या कथेकडे. त्या कथेतला जीव कोणाचेही हुबेहूब रूप घेतो. १९५१ मध्ये ही कल्पना सोडून देऊन पडद्यावर एक उंचापुरा माणूस राक्षस म्हणून उभा केला होता.

रूप बदलण्याची ती एक गोष्ट परत आणताच सगळेच उलटले. जुन्या चित्रपटात शत्रू बाहेर होता आणि माणसे एक होती. नव्यात अंटार्क्टिकावरच्या तळावर बारा पुरुष आहेत, आणि त्यांच्यापैकी कोण माणूस राहिला आहे, हे कोणालाच ठाऊक नाही. प्रत्येकाच्या रक्ताचा नमुना बशीत घेऊन त्यात तापलेली तार बुडवण्याचा प्रसंग आठवा. माणसे खुर्च्यांना बांधलेली, एकेक बशी पुढे येते, तार चरचरते, काही होत नाही. पुढची बशी. प्रेक्षकाला राक्षसाची जितकी भीती वाटते, तितकीच त्या खोलीतल्या संशयाची वाटते. १९५१ च्या अमेरिकेला आपल्या माणसांवर विश्वास होता. व्हिएतनाम आणि वॉटरगेटनंतरच्या अमेरिकेला तो उरला नव्हता. कारपेंटर यांनी हे संवादांत कुठेही सांगितलेले नाही. गोष्टच तशी रचली आहे.

शेवटी तळ जळून खाक होतो आणि बर्फात दोन माणसे बसून राहतात. त्यांतला एखादा ‘तो’ आहे की नाही, हे त्यांना माहीत नाही, आपल्यालाही नाही. ‘ई.टी.’ हा स्पीलबर्ग यांचा गोड परग्रहवासी दोनच आठवडे आधी, जून १९८२ मध्ये आला होता. त्या उन्हाळ्यात लोकांना हा शेवट नको होता, यात नवल नाही. चित्रपटाला न्याय मिळाला तो पुढे, व्हिडिओ कॅसेटच्या काळात.

तंत्रज्ञान किती महत्त्वाचे?

वाटते त्याहून कमी. रॉब बॉटिन या विशीतल्या तरुणाने १९८२ च्या चित्रपटासाठी रबर, जेली आणि यंत्रे वापरून जे जीव घडवले, ते आजही किळसवाणे आणि खरे वाटतात. २०११ मध्ये याच नावाने पूर्वकथा आली. तिच्यासाठीही असे जीव हाताने बनवले होते, पण पडद्यावर त्यांच्यावर संगणकीय चित्रांचा थर चढवला गेला, आणि दहशत पातळ झाली. पण केवळ रबर विरुद्ध संगणक असा हा सामना नाही. बॉटिनचे जीव कथेला हव्या त्या क्षणी येतात. गोर्टच्या किड्यांची झुंड ट्रक आणि स्टेडियम खाते, तेव्हा ती कथेची गरज असते की जाहिरातीची, हे सांगणे कठीण.

चांगले रिमेक आणखीही आहेत. ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ १९५६ मध्ये एका छोट्या गावात घडतो; फिलिप कॉफमन यांनी १९७८ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत नेला, जिथे शेजारी बदलला तरी लक्षात येत नाही. डेव्हिड क्रोनेनबर्ग यांनी १९८६ मध्ये ‘द फ्लाय’ घेतला. मूळ १९५८ च्या चित्रपटात यंत्रातून माणूस बाहेर येतो तो माशीचे डोके घेऊनच. नव्यात तो हळूहळू, आठवड्यांमागून आठवडे बदलतो, आणि पाहणाऱ्याला घरातले दीर्घ आजारपण आठवते. तिन्ही चित्रपटांत गोष्ट बदलल्यावर तिची चाकेही बदलली आहेत.

आपल्याकडचे उदाहरण विज्ञानपटाचे नाही, पण कसोटी तीच. ‘सैराट’चा (२०१६) ‘धडक’ (२०१८) झाला तेव्हा गाणी आली, पळून जाणे आले, शेवटचा धक्काही आला. जात मात्र फिकी झाली. ज्या भिंतीवर ती दोघे आदळतात ती भिंतच पुसट केली, तर आदळण्याचा आवाज येणार कसा?

कोणता चित्रपट आधी पाहावा?

शक्य असेल तर मूळ आधी. ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ (१९५१) संथ आहे, पण मुलांसोबत सहज पाहता येतो. त्यात रक्तपात जवळजवळ नाही आणि बॉबीमुळे मुले त्यात रमतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी त्याची निवड १९९५ मध्ये झाली. २००८ चा रिमेक त्यानंतर लगेच पाहिला तर विजेचे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहता येतात, आणि क्लीझचा प्रसंग चुकवू नये असा आहे. ‘द थिंग’बाबत क्रम उलटा चालेल, कारण दोन्हींत साम्य फार थोडे. मात्र १९८२ चा चित्रपट अमेरिकेत केवळ प्रौढांसाठी किंवा पालकांसोबत पाहण्याच्या वर्गात होता. रात्री जेवणानंतर लगेच लावू नये, आणि घरात कुत्रा असेल तर पहिली वीस-पंचवीस मिनिटे त्याच्याकडे पाहण्याचे टाळलेले बरे.